परसातले फळझाड : कलम कशाचे घ्यावे, बी कशाचे टाकावे



मृग तोंडावर आला की गावात ढगांच्या आधी रोपांचा टेंपो येतो. आठवडे बाजाराच्या दिवशी वेशीजवळच्या चिंचेखाली तो उभा राहतो. प्रत्येक पिशवीला रंगीत चित्र टांगलेले असते, चित्रातला पेरू नारळाएवढा असतो आणि विकणारा माणूस आमच्यापेक्षा गोड बोलतो.

गेल्या वर्षी अशाच टेंपोवरून एका वस्तीवरच्या मावशींनी आठ झाडे घेतली. दोन केशर आंबे, एक चिकू, एक लिची, एक सफरचंद, एक मोसंबी, एक बारमाही म्हणून सांगितलेले लिंबू आणि एक पेरू. सगळ्याचे दोन हजार रुपये झाले. ते पैसे करडू विकून आले होते आणि नातीच्या वह्या-दप्तरासाठी डब्यात ठेवलेले होते. नातवंडांना घरचे फळ मिळावे, बाजारातले परवडत नाही, एवढीच त्यांची इच्छा. त्यात चूक काही नाही.

माघात मी हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला त्या वस्तीवर गेलो होतो. मावशींनी चहा द्यायच्या आधी मला परसात नेले. सहा खड्ड्यांत सहा वाळक्या काड्या उभ्या. मोसंबीचा डोळा मेलेला आणि खालून जंबेरीचा खुंट जोमाने फुटलेला. त्या रोज घागर घागर पाणी घालून जंबेरी वाढवत होत्या. पेरू तेवढा जगला होता. आणि शेळ्यांच्या गोठ्यामागे, ज्याला कोणी कधी पाणी घातले नाही असे सीताफळाचे झुडूप उभे होते. दिवाळीच्या सुमारास त्याने दोन पाट्या फळे दिली होती.

“हे कधी लावलं?” मी विचारले.

“लावलंय कुणी? पोरांनी बिया थुंकल्या होत्या.”

तेव्हा आज बोलायचे ते हेच. परसात फळझाड लावताना पैसा कुठे घालावा आणि कुठे एक पैसाही घालू नये.

आपल्याकडे १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. मी तेव्हा पुण्याला कृषी महाविद्यालयात शिकत होतो. त्या योजनेने माळरानावर आंबा, बोर, डाळिंब उभे केले आणि कलम हा शब्द घराघरात नेला. फार चांगले झाले. पण त्याबरोबर एक समजही पसरला की झाड म्हणजे कलमाचेच, बीचे झाड म्हणजे गरिबाचे. हा समज काही झाडांपुरता खरा आहे आणि काही झाडांपुरता साफ खोटा आहे.

बीपासून आलेले झाड हे लेकरासारखे. आईच्या वळणावर जाईल किंवा भलत्याच. कलम म्हणजे त्याच आईची तोडून लावलेली फांदी, त्यामुळे फळ तेच. पेरूचे उदाहरण घ्या. ज्याला आपण सरदार किंवा लखनौ-४९ म्हणतो तो पेरू डॉ. चीमा यांनी १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या केंद्रात निवडला. लखनौहून आणलेल्या बियांची रोपे वाढवली, त्यांतले एक झाड पसंत पडले. म्हणजे एकाच बियाण्याची झाडे, पण नावाजले गेले एकच. मग तुम्ही बाजारातला पेरू खाऊन त्याची बी टाकली तर तुमच्या वाट्याला तसेच झाड येईल याची काय खात्री? म्हणून पेरूचे कलम घ्यावे. तिथे पैसा वाया जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फळ मिळते आणि झाड वीस-पंचवीस वर्षे सोबत करते.

याच्या अगदी उलट कागदी लिंबू. लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब निघतात, हे तुम्ही पाहिले असेल. त्यांतले बहुतेक कोंब आईच्या अंगातूनच तयार झालेले असतात, म्हणजे निसर्गानेच केलेली कलमे म्हणा ना. म्हणून कागदी लिंबाचे बीचे रोप बहुतेक आईसारखेच निघते. त्यासाठी कलमाची किंमत मोजू नये. गावात भरपूर फळणारे, पातळ सालीचे आणि खैऱ्या नसलेले झाड हेरून ठेवावे. त्याची पिकून गळलेली चार फळे मागून आणावीत. बी धुऊन त्याच दिवशी पिशवीत टोचावे. वाळवून डब्यात ठेवले की लिंबाचे बी मरते. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर सर्वांत किरटा असेल तो उपटून टाकावा, कारण पुष्कळदा तोच वेगळ्या गुणाचा असतो. फळाला चार-पाच वर्षे लागतात, तेवढा धीर हवा. मात्र ही गोष्ट मोसंबी-संत्र्याला जशीच्या तशी लावू नका. त्यांना डोळा भरलेलेच रोप लागते आणि परसाच्या पाण्यावर ती सुखी राहत नाहीत.

सीताफळालाही बी चालते. फळात थोडाफार फरक पडेल, पण परसाला तेवढा फरक चालतो. बी कठीण असते, म्हणून जरा घासून रात्रभर पाण्यात भिजवावे. उगवायला महिनाभर लागला तरी खड्डा उकरून पाहू नये. शेळी त्या पाल्याला तोंड लावत नाही, ही तर मोठीच सोय. एक सावधगिरी सांगतो. उवा मारायला सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावण्याची चाल काही घरांत आहे. ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते. लेकराच्या डोक्याला ती लावूच नका.

शेवगा फळझाडांत धरावा की भाजीत, हा वाद पंडितांनी घालावा. स्वयंपाकघर त्याला आधी बोलावते. पी.के.एम.-१ ही तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची जात बियांवर येते आणि सहा-आठ महिन्यांत फुलावर येते. तीन फुटांचा झाला की शेंडा खुडावा, नाहीतर शेंगा काढायला शिडी आणि दवाखाना दोन्ही लागतील. फांदी ठिसूळ असते. पोरे चढतात, फांदी मोडते. पावसाळ्यात कधी कधी खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, अंगाला लागल्या की आग होते. म्हणून शेवगा दारात किंवा पत्र्यावर झुकेल असा लावू नये. लावूच नये असे मात्र नाही.

आता पपईविषयी, आणि त्यात माझी फजिती आहे. नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. एका गावी एका वहिनींना मी मोठ्या उत्साहाने पपईचे एक रोप दिले. पुस्तकात बागेचे सगळे पाठ होते, दहा मादी झाडांमागे एक नर ठेवावा वगैरे. पण परसात एकच झाड लावणाऱ्याने काय करावे, हे डोक्यातच आले नाही. सहा महिन्यांनी गेलो तर वहिनी म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमची पपई नुसतीच फुलते हो.” लांब देठांवर फुलांचे झुपके लोंबत होते. नर निघाला. अर्धे वर्ष त्यांनी त्याला पाणी घातले होते.

तेव्हापासून सांगतो, घरच्या बियाण्याची पपई लावायची तर एका खड्ड्यात तीन रोपे लावावीत आणि असे दोन-तीन खड्डे करावेत. फुले दिसली की मादी ओळखून एकेक ठेवावी, सगळ्यांत मिळून एक नर ठेवावा, बाकी काढावीत. मादीचे फूल मोठे असते आणि खोडालगत एकेकटे बसते. बी ताज्या फळाचे घ्यावे, त्यावरची बुळबुळीत पिशवी राखेत चोळून काढावी आणि सावलीत सुकवावे. ती पिशवी राहिली तर उगवण मंदावते. एकच झाड लावायचे असेल तर तैवान जातीचे रोप विकत घ्यावे, त्यात निव्वळ नर निघत नाही. पण त्या फळाचे बी पुन्हा लावून तसेच झाड मिळणार नाही. आणखी एक. पपईवर मोझॅकसारखा पाने आकसणारा रोग येतो, तो मावा पसरवतो. असे झाड दिसले की मोह न धरता उपटून जाळावे. तीन वर्षांवर पपई ठेवूही नये.

आंबा. इथे पैसा वाचवायचा फार चांगला मार्ग आहे आणि तो थोडेच लोक वापरतात. ज्या जागी झाड हवे तिथेच खड्डा भरून रायवळ आंब्याच्या तीन-चार ताज्या कोयी पुराव्यात. फळ खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत पुराव्यात, जुनी कोय उगवत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या रोपांवर केशरच्या काडीचे मृदुकाष्ठ कलम जागेवरच बांधून घ्यावे. पंचक्रोशीत कलम बांधणारा एखादा माणूस असतोच. काडी कोणाच्या तरी चांगल्या झाडाची मागून मिळते. दोन-तीन बांधावीत, जे जोमात येईल ते ठेवावे. याचा मोठा फायदा म्हणजे सोटमूळ मोडत नाही. पिशवीतले मूळ तळाशी वेटोळे घालून बसते, जागेवरचे सरळ खाली जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा गुण कळतो. बोरीचेही तसेच. बांधावर रानबोर असेल तर ती उन्हाळ्यात खाली छाटावी आणि नव्या फुटीवर उमराणचा डोळा भरून घ्यावा. झाड फुकट, मूळ आधीच खोल गेलेले.

अंजीर, तुती ही छाटकलमाची जात. काडी लावली की झाले. शेजारी छाटणी करत असतील तेव्हा मागून आणावी. पेन्सिलीपेक्षा जाड, वीतभराहून थोडी लांब, दोन-तीन डोळे मातीत आणि दोन-तीन वर. केळीचा तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा मुनवा घ्यावा, रुंद पानांचा पाणमुनवा घेऊ नये. करवंदाचे बी ताजे पेरावे आणि रोपे कुंपणाला तीन-तीन फुटांवर लावावीत. तिसऱ्या वर्षी शेळी आत येत नाही आणि वैशाखात लोणच्याचा डबा भरतो.

चिकू कलमाचाच हवा, पण तो सावकाश वाढतो आणि पुढे तीस फूट जागा मागतो. लहान परसात तो पहिला पाहुणा नव्हे. आवळाही कलमाचा घ्यावा, मात्र एकटा नको. आवळ्याला दुसऱ्या जातीचा शेजार असेल तर फळ चांगले धरते. तुम्ही कांचन लावा आणि शेजारच्या भाऊंना कृष्णा लावायला सांगा. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन झाडे असली तर मधमाशी भावकी विचारत नाही.

डाळिंबाविषयी माझे मत अनेकांना आवडणार नाही. तुमच्या शिवारात डाळिंबाच्या बागा असतील तर परसात डाळिंब लावू नका. परसातल्या झाडाला कोणी फवारत नाही, त्यावर तेल्या आला तर तो तिथे मुक्काम करतो आणि वाऱ्या-पावसात पुढे बागेत जातो. चार फळांसाठी शेजाऱ्याचे कर्ज वाढवू नये.

आता टेंपोकडे परत येऊ. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे. रोपवाटिका चालवायला परवाना लागतो. तेव्हा विकत घ्यायचे ते शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा परवाना असलेल्या रोपवाटिकेतून घ्यावे आणि पावती मागावी. पावती देणाऱ्याला उद्या शोधता येते, चिंचेखालच्या टेंपोला नाही. कलम पाहताना उंचीवर भाळू नये. जोड वीतभर उंचीवर असावा, नीट सांधलेला असावा, वरची काडी आणि खालचा खुंट साधारण एकाच जाडीचे असावेत. पाने जून असावीत, कोवळी तांबूस फूट असलेले कलम वाहतुकीत मान टाकते. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर आली असतील तर ते जुने झाले आहे, सोडून द्यावे. आणि घरी आणून लावल्यावर जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडायला विसरू नये. झाड जाड होते, पट्टी तशीच राहते आणि जोडाला फास बसतो. जोडाच्या खाली फुटलेला प्रत्येक कोंब बोटाने मोडत राहावे. मावशींची मोसंबी तिथेच गेली.

लिची-सफरचंदाचे म्हणाल तर, लिचीला दमट हवा मानवते आणि आपल्या चैत्र-वैशाखाची झळ सोसत नाही. सफरचंदाच्या कमी थंडीत येणाऱ्या जाती आता निघाल्या आहेत आणि हौशी लोक लावतात. हौस असेल, पैसा मोकळा असेल तर जरूर लावा. दप्तराच्या पैशातून नको.

झाड निवडताना चित्र पाहण्याआधी घरातले पाणी पाहावे. फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत तुमच्या घरातून रोज किती घागरी पाणी बाहेर जाते, तेवढ्याच हिशेबाने झाडे लावावीत. नव्या झाडाला पहिले दोन उन्हाळे दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक घागर तरी लागते. टँकरच्या गावात चार झाडे जगवणारा शहाणा, बारा लावणारा नव्हे. आंघोळीचे, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला चालते. कपड्याच्या सोड्या-पावडरचे पाणी मात्र केळी-अळूकडे काढावे, लिंबाला ते मानवत नाही. लिंबाच्या खोडालाच पाणी लागून राहिले तर डिंक्या होतो. म्हणून त्याला दुहेरी आळे करावे, आतले वर्तुळ मातीने उंच आणि पाणी बाहेरच्या वर्तुळात. पाणी फारच थोडे असेल तर जुन्या माठाच्या बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात चिंधीची वात बसवावी आणि माठ झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा. वरून पाचटाचे आच्छादन करावे, खोडाला मात्र टेकवू नये, वाळवी चढते.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. तो आत्ताच, उन्हातच काढून तापू द्यावा. तळाला पालापाचोळा, मग पोयट्याची माती, दोन पाट्या मुरलेले शेणखत आणि किलोभर सुपर फॉस्फेट. कच्चे शेण घालू नका, हुमणी येते. उंच वाढणारी झाडे परसाच्या उत्तर बाजूला लावावीत म्हणजे भाजीच्या वाफ्यावर सावली पडत नाही. भिंतीपासून, विहिरीपासून आणि विजेच्या तारेपासून आंबा दूर ठेवावा. पेरू-लिंबात पंधरा-वीस फूट अंतर ठेवा. आज ते फार वाटते, सहाव्या वर्षी वाटणार नाही.

घरच्या बाईने आणखी एक हिशेब धरावा, कोणत्या महिन्यात परसात काय असेल हा. पावसाच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत सीताफळ. हिवाळ्यात पेरू, आवळा, बोर. पावसाळ्यातला पेरू फळमाशीने किडतो, तेव्हा हिवाळ्याचाच बहर खरा मानावा. उन्हाळ्यात अंजीर, फालसा, करवंद, मग आंबा. पपई आणि केळी मधली भोके बुजवतात. लिंबू बहुतेक वर्षभर काही ना काही देते, आणि पालेभाजीवर पिळले तर भाजीतले लोह अंगी लागते. पोटुशी सून किंवा वयात येणारी मुलगी घरात असेल तर लिंबाचे झाड सर्वांत आधी लावा.

मावशींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. यंदा त्यांनी एकही झाड विकत घेतलेले नाही. मोसंबीच्या जागी शेवगा येणार आहे, वाळक्या केशरांच्या दोन खड्ड्यांत रायवळच्या कोयी, आणि मोरीच्या तोंडाशी केळीचा मुनवा नणंदेकडून येतो आहे. फाल्गुनात त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लिंबाचे बी टोचले होते. परवा मोजली तर एकोणीस रोपे, बोटभर उंचीची. पुढच्या मृगाला जागेवर जातील. दोन त्यांना पुरेत. उरलेली बाजारात नेऊन विकू का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “मावशी, विकायची तर परवाना काढावा लागेल. वस्तीवर वाटायला काही लागत नाही.”

“मग वाटते,” त्या म्हणाल्या. “पण साहेब, बुधवारी बाजाराला जाल तेव्हा त्या टेंपोवाल्याचा परवाना आधी बघून या.”